जिथे विजेचा खांब नाही, तिथला जोड

पाणीपुरवठा योजनेची पाइपलाइन गावाबाहेर पडली की विजेचे खांब मागे राहतात. पुढे माळ, ओढा, चढ. लोखंडी पाइप एकमेकांना जोडायचे ते या माळावर, खंदकाच्या काठावरच. तिथे ट्रॅक्टरमागून ओढून आणलेलं एक चाकांवरचं यंत्र उभं असतं. एका टोकाला डिझेल इंजिन, दुसऱ्या टोकाला जनरेटर आणि तिथून निघालेल्या दोन जाड केबल. साइटवर त्याला कुणी वेल्डिंग जनसेट म्हणतं, कुणी डीजी वेल्डर. पुलांच्या कामावर, वीज न पोचलेल्या टॉवरपाशी, कारखान्याच्या लांबच्या यार्डात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

हे यंत्र वर्कशॉपमधलं काम माळावर आणतं. वर्कशॉपची भिंत, मेन स्विच, धूर ओढणारा पंखा आणि लक्ष ठेवणारा फोरमन मात्र बरोबर येत नाहीत. त्यांची उणीव चालवणाऱ्याच्या सवयींनी भरून काढायची असते. चांगला जोड आणि सुरक्षित काम या सवयींमधूनच येतात. त्यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही.

विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, धातू वितळवण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात आकाराला आली. बेनार्डोसने कार्बनच्या कांडीने जोड दिले, स्लाव्यानोव्हने धातूचीच कांडी वापरली. पण उघड्या कांडीचा जोड हवेमुळे ठिसूळ व्हायचा. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने कांडीवर लेप चढवला आणि १९०४ साली इसाब ही कंपनी सुरू केली. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिकने १९११ मध्ये व्होल्टेज कमीजास्त करता येणारं, एका माणसासाठीचं वेल्डिंग मशीन बाजारात आणलं. पुढे त्याच कंपनीच्या ‘एसए-२००’ या इंजिनवाल्या मशीनवर तिथल्या पाइपलाइन वेल्डरांच्या पिढ्या घडल्या. त्या मशीनचा मऊ, न तुटणारा आर्क आठवून जुन्या मशीन आजही दुरुस्त करून वापरल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा अमेरिकेने १९४२-४३ मध्ये टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे २,००० किलोमीटर लांबीची, २४ इंची ‘बिग इंच’ पाइपलाइन टाकली. असं काम रानावनात, जागेवर जोड देऊनच पुरं होतं. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९५१ साली अडवाणी-ऑर्लिकॉन, म्हणजे आजची अडोर वेल्डिंग, उभ्या राहिल्या. इंजिन आणि लेप चढवलेली कांडी, म्हणजे रॉड, दोन्ही देशात बनू लागले.

लग्नमंडपातला जनरेटर आणि वेल्डिंगचा सेट यांत मूळचा फरक आहे. मंडपातल्या जनरेटरने लोड कितीही बदलला तरी २३० व्होल्ट टिकवायचे असतात. वेल्डिंगमध्ये रॉड जॉबला टेकतो तो क्षण म्हणजे शॉर्ट सर्किटच. तेव्हा व्होल्टेज टिकून राहिलं तर करंट बेफाम वाढेल. म्हणून या जनरेटरची रचनाच अशी असते, की करंट वाढू लागला की व्होल्टेज आपोआप उतरतं. रॉड हवेत असताना टर्मिनलवर ७०-८० व्होल्ट असतात. आर्क पेटला की ते २०-३० वर येतात आणि अँपिअर जवळपास स्थिर राहतात. वेल्डरचा हात किंचित वरखाली झाला तरी आर्क तुटत नाही तो यामुळे.

रॉड टेकवल्याबरोबर इंजिनचा आवाज दबतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि आवाज पुन्हा भरतो. जाणकार वेल्डर हे कान देऊन ऐकतो. आवाज सावरत नसेल तर एअर फिल्टर चोंदला आहे, डिझेलमध्ये पाणी आहे किंवा सेटच्या कुवतीबाहेरचा रॉड लावला आहे. ‘३०० अँपिअर, ६० टक्के’ अशी पाटी असेल, तर दर १० मिनिटांत ६ मिनिटं ३०० अँपिअरवर आर्क आणि ४ मिनिटं विश्रांती, असा तिचा अर्थ. सकाळी ऑइल, पाणी, डिझेल पाहून इंजिन थोडं गरम होऊ द्यावं. संध्याकाळी काही मिनिटं बिनलोड फिरवून मगच बंद करावं. पण तासन्‌तास बिनलोड चालू ठेवणंही वाईट. अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचत जातं.

करंटचा आकडा रॉडच्या पाकिटावर छापलेला असतो. साधारणपणे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३०, ४ मिलिमीटरला १४० ते १८० अँपिअर. त्या मर्यादेत नेमकं कुठे थांबायचं हे आर्क सांगतो. योग्य करंटवर कढईत भजी सोडल्यासारखी एकसारखी चरचर येते. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो आणि मणी नुसता वर बसतो. जास्त असेल तर ठिणग्या उडतात आणि कडेला चर पडतो, तोच अंडरकट. आर्कची लांबी रॉडच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी ठेवायची. प्रत्येक थरानंतर वरची कडक खपली, म्हणजे स्लॅग, हातोडीने पाडून ब्रश मारायचा. राहिलेली स्लॅग पुढच्या थराखाली गाडली जाते आणि दाब चढवताना तिथूनच पाणी फुटतं. ७०१८ रॉड ओलावा धरतो, म्हणून तो सुमारे ३०० अंशांवर भाजून गरम डब्यात ठेवतात. पाइपच्या पहिल्या थराचा ६०१० हा सेल्युलोज रॉड मात्र भाजायचा नसतो; त्याच्या लेपातला ओलावाच आर्कला जोर देतो.

माळावरचा वारा हा जोडाचा शत्रू. लेप जळून तयार होणारा वायू वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. वाऱ्याने तो उडाला की जोडात बारीक छिद्रं पडतात. म्हणून ताडपत्रीचा आडोसा करतात. तो न पेटणाऱ्या कापडाचा असेल तर उत्तम. पण सेट त्या आडोशात घ्यायचा नाही. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; शेडमध्ये, खंदकात, टाकीत तो माणसाला नकळत मारतो. सेट उघड्यावर, धूर माणसांपासून लांब जाईल असा, सपाट जागी चाकांना उटी लावून उभा करायचा. डिझेल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

सत्तर-ऐंशी व्होल्ट ऐकून लोक निर्धास्त होतात. पण पावसात भिजलेले हातमोजे, घामाने ओला शर्ट आणि लोखंडावर टेकलेले गुडघे असले, की तेवढा शॉकही जीव घेऊ शकतो. कोरडे चामडी हातमोजे, अखंड होल्डर, पायाखाली कोरडी फळी, आणि ग्राइंडरच्या सॉकेटला गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवा. अर्थचा क्लॅम्प जोडाच्या जवळ, गंज घासून काढलेल्या जागी लावायचा. तो लांब कुठेतरी अडकवला तर करंट क्रेनच्या वायररोपमधून किंवा गाडीच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि नासधूस करतो.

आर्क नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी थांबत नाही. घरगुती उपाय न करता डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. १० ते १२ नंबरची काळी काच हा यावरचा खरा उपाय. वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दिला. तेव्हा डोकं धुराच्या लोटाबाहेर ठेवायचं, आणि जीआय पाइपवरचं जस्त जोडाच्या जागी घासून काढायचं. त्याच्या धुराने रात्री थंडीताप भरतो. डिझेलचा रिकामा बॅरल कधीही वेल्ड करायला घ्यायचा नाही. रिकाम्या बॅरलमधली वाफ भरलेल्या डिझेलहून घातक असते. काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी वाळलेल्या गवतावर लक्ष ठेवून थांबायचं.

या सगळ्यात उघडा पडतो तो हेल्पर. आयटीआयमध्ये वर्षभर शिकलेल्या वेल्डरच्या हातात काच असते. पाइप धरून बसलेला पोरगा मात्र मान वळवून, डोळे मिटून काम भागवतो. तोच उद्याचा वेल्डर आहे, आणि आज जे पाहील तेच उद्या करेल. सेट भाड्याने घेताना कंत्राटदार अँपिअर विचारतो, डिझेल किती पितो ते विचारतो. त्याच यादीत दोन हेल्मेट, दोन जोड हातमोजे, रॉडचा कोरडा डबा आणि अग्निशामक सिलिंडर असले पाहिजेत, आणि त्यांचा खर्च कामाच्या दरातच धरला पाहिजे. हे सामान आलेलं नसेल, तर सेट सुरू करू नये.