बेळगाव ते मुंबई: वाटेवरची ४,००० पॅकेटं

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार भरली. सर्व्हरमधल्या १० गिगाबिटच्या एका नेटवर्क कार्डावर तिच्या तिपटीहून अधिक पॅकेटं एका सेकंदात येऊन आदळू शकतात. इथरनेटचं सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचं. सुरुवातीच्या खुणेचे ८ बाइट आणि दोन पॅकेटांमध्ये सोडावीच लागणारी १२ बाइटची जागा धरली की ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. सेकंदाच्या १,००० कोटी बिटांना ६७२ने भागा: १ कोटी ४८ लाख ८० हजार. एका पॅकेटाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात फायबरमधला प्रकाशसुद्धा साडेतेरा मीटरच पुढे सरकतो.

३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला या वेळात साधारण २०० ठोके मिळतात. आणि मुख्य मेमरीतून एखादी माहिती आणायलाच ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. मेमरीची एक फेरी पुरी होईपर्यंत पुढचं पॅकेट दारात उभं असतं. ‘कार्ड दहाचं घेतलं, पण वेग दोनच्या वर जात नाही’ या तक्रारीची मुळं इथे आहेत. तरी लोक आधी केबल बदलतात.

१० मेगाबिटच्या इथरनेटचं मानक १९८३ साली मान्य झालं. १० गिगाबिटचं आलं २००२ मध्ये, १०० गिगाबिटचं २०१० मध्ये. तारेचा वेग दहा हजार पटींनी वाढला. पण पॅकेटात मावणाऱ्या मजकुराची मानकातली १,५०० बाइटची मर्यादा जिथल्या तिथे राहिली, प्रकाशाचा वेग तर बदलणारच नव्हता, आणि प्रोसेसरच्या एका कोअरचे ठोकेही दहा हजार पटींनी वाढले नाहीत. भरलेलं पॅकेट तेव्हा १.२३ मिलिसेकंद घ्यायचं. १० गिगाबिटवर ते १.२३ मायक्रोसेकंदात संपतं. मंदावलेल्या सर्व्हरचा शोध म्हणजे यातलं काय मागे पडलंय याचा शोध.

पहिली तपासणी कार्डाच्या रांगेची. आलेलं पॅकेट प्रोसेसर उचलेपर्यंत एका गोल रांगेत थांबतं. अनेक कार्डांत सुरुवातीला तिथे ५१२ जागा असतात. लहान पॅकेटांचा लोंढा आला तर त्या ३४ मायक्रोसेकंदांत भरतात. प्रोसेसर तेवढा वेळ दुसऱ्या कामात असला की पुढची पॅकेटं टाकून दिली जातात. लिनक्सवर ईथटूलने गळालेल्या पॅकेटांचा आकडा दिसतो. तो वाढत असेल तर जागा ४,०९६ करा. ३४चे २७५ मायक्रोसेकंद होतात.

दुसरी तपासणी कोअरची. सोळा कोअरच्या सर्व्हरवर प्रोसेसरचा एकूण वापर ६ टक्के दिसतो आणि सगळं निवांत वाटतं. पण १०० भागिले १६ म्हणजे सव्वासहा. एकच कोअर पूर्ण थकलेला आणि बाकीचे पंधरा रिकामे असले तरी आकडा तोच येतो. कोगनोळीच्या टोलनाक्यावर सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये घालाव्यात तसा हा प्रकार. म्हणून सरासरीवर विसंबू नका, प्रत्येक कोअर वेगळा पाहा. कार्डाच्या रांगा अनेक कोअरांवर वाटून देता येतात. मात्र एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच रांगेत जातात, त्यामुळे वाटणीचा परिणाम मोजायचा तर आयपर्फ हे वेग मोजणारं साधन अनेक समांतर जोडण्यांनी चालवावं लागतं.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटते. १० गिगाबिटवर एक भरलेलं पॅकेट फायबरमध्ये २४६ मीटर लांब पसरलेलं असतं. बेळगावहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, बंगळुरूही जवळपास तितकंच. सरळ फायबर धरलं तरी प्रकाशाला जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागतात. पहिल्या पॅकेटाची पोच परत येईपर्यंत ४,०००हून अधिक पॅकेटं वाटेवर असतील, तरच तार भरलेली राहील. टीसीपीच्या १९८१च्या रचनेत पोचेविना पाठवता येणारा मजकूर ६५,५३५ बाइटपुरता होता: जेमतेम ४४ पॅकेटं. मग वेग सेकंदाला साडेदहा कोटी बिटांवर थांबतो, तारेच्या एक टक्क्यावर. १९९२मध्ये ही मर्यादा १ गिगाबाइटपर्यंत वाढवण्याची सोय झाली. पण ती सोय बंद असेल किंवा बफर तोकडे असतील, तर नवं कार्डही त्या एका टक्क्यातच अडकतं. या वाटेला किमान सव्वासहा मेगाबाइट हवेत.

चौथी गोष्ट गळतीची. अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन-जाळ्यात एका नादुरुस्त कार्डामुळे २२,०००मधलं एक पॅकेट हरवत होतं. २१,९९९ पोचतात, मग काय बिघडलं? गळतीवरून टीसीपीचा वेग सांगणाऱ्या मॅथिस यांच्या १९९७च्या सूत्रात हा आकडा घाला. टीसीपीच्या जुन्या रेनो पद्धतीची एक जोडणी बेळगाव–मुंबई अंतरावर सेकंदाला सुमारे ४२ कोटी बिटांवर येते, म्हणजे क्षमतेच्या चार टक्क्यांवर. १०० मिलिसेकंदांच्या परदेशी वाटेवर तीच जोडणी दहा गिगाबिट टिकवायची असेल, तर ५०० कोटी पॅकेटांत एकदाच चूक चालते.

उपायांचेही आकडे आहेत. ९,००० बाइटची मोठी पॅकेटं वापरली की १० गिगाबिटवर सेकंदाला येणाऱ्या पॅकेटांचा भार ८ लाख १३ हजारांवरून १ लाख ३८ हजारांवर उतरतो, पण वाटेतलं प्रत्येक उपकरण त्याला तयार हवं. १०० गिगाबिटचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या आठ-लेनच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवलं तर ६३ गिगाबिटच्या वर जाणारच नाही. तिथे सेटिंगशी झटापट व्यर्थ.

बेळगावात १९९८पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. इथली, निपाणीची मुलं पुण्या-बंगळुरूला जाऊन हेच सर्व्हर सांभाळतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सापडेल तो आकडा बदलत सुटू नका. आधी कागदावर चार भागाकार करा: एका पॅकेटाला किती वेळ, वाटेवर किती पॅकेटं, किती गळाली, स्लॉट किती पेलतो. १०० गिगाबिटवर पॅकेटाच्या वाट्याचा वेळ ६.७ नॅनोसेकंदांवर येतो, पण मुंबईची फेरी ५ मिलिसेकंदांचीच राहते. पैसे मोजून यातलं काय विकत मिळतं आणि काय मिळत नाही, हे ओळखणं हा या कामाचा पाया आहे.