हॉलीहॉक

हॉलीहॉक (शास्त्रीय नाव: अल्सिया रोझिया) हे माल्व्हेसी म्हणजेच भेंडी कुलातील उंच वाढणारे शोभिवंत फुलझाड आहे. भेंडी, कापूस, अंबाडी व जास्वंद ही याच कुलातील परिचित झाडे होत. लिनियस यांनी १७५३ मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. पुढे दीर्घकाळ ती अल्थिया रोझिया या नावाने ओळखली जात होती, म्हणून उद्यानविद्येच्या जुन्या पुस्तकांत तेच नाव आढळते. इंग्रजी नावातील पहिला भाग 'पवित्र' या अर्थाचा असून दुसरा भाग याच कुलातील वनस्पतींच्या एका जुन्या इंग्रजी नावावरून आला आहे. उत्तर भारतात या झाडाला गुलखैरा म्हणतात.

वर्णन

झाडाचा सरळ, केसाळ दांडा दीड ते अडीच मीटर उंच वाढतो. त्यावर खालून वर क्रमाने फुले उमलत जातात, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली फळे, मध्ये फुले व शेंड्याला कळ्या असे दृश्य दिसते. फुले आठ ते दहा सेंटिमीटर रुंद, एकेरी किंवा दुहेरी, पांढऱ्या व पिवळसर रंगांपासून गुलाबी, लाल आणि जवळजवळ काळ्या वाटणाऱ्या गडद तांबड्या रंगापर्यंतची असतात. फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांची नळी असते. जास्वंद पाहिलेल्या वाचकास तिची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

आयुर्मान

बियांच्या पाकिटावर हॉलीहॉकचे वर्णन बहुधा 'बहुवर्षायू' असे केलेले असते. हे अर्धसत्य आहे. अल्सिया रोझिया ही द्विवर्षायू किंवा अल्पजीवी बहुवर्षायू वनस्पती आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर तयार होतो, दुसऱ्या वर्षी फुले येतात आणि त्यानंतर झाड आणखी एक-दोन वर्षे टिकले तर टिकते. एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षे हॉलीहॉक फुलत असल्याचे दिसते, त्याचे कारण बहुतेक वेळा जुने झाड जगले हे नसून त्याच्या गळालेल्या बियांतून नवे झाड उगवले हे असते. खऱ्या अर्थाने अधिक टिकाऊ झाड हवे असल्यास फिकट पिवळ्या फुलांची अल्सिया रुगोसा किंवा अंजिरासारख्या खंडित पानांची अल्सिया फिसिफोलिया या जाती लावल्या जातात. त्या तांबेऱ्यालाही तुलनेने कमी बळी पडतात. याउलट काही सुधारित वाण लवकर पेरल्यास पहिल्याच वर्षी फुलतात.

बियांपासून लागवड

फळ चपट्या चकतीसारखे असते. पक्व झाल्यावर त्याच्या कडेने रचलेले पातळ, गोल फलांश सुटे होतात. प्रत्येकात एकच बी असते. बी मोठे व हाताळण्यास सोपे असल्यामुळे नवख्या माणसासही हे काम जमते. बियांना थंडीत ठेवण्याची गरज नसते. कवच टणक वाटल्यास बी रात्रभर पाण्यात भिजवतात. साधारण अर्धा सेंटिमीटर खोलीवर पेरल्यास पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तापमानात दोन आठवड्यांच्या आसपास अंकुर दिसू लागतात.

ब्रिटनसारख्या समशीतोष्ण प्रदेशात जून-जुलैमध्ये उघड्यावर बी पेरतात, सप्टेंबरच्या सुमारास रोपे कायमच्या जागी हलवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फुले येतात. यातील नाजूक टप्पा रोपे हलवण्याचा असतो. हॉलीहॉकचे सोटमूळ सरळ खोल जाते आणि ते दुखावल्यास झाड खुरटते. म्हणून उथळ तबकांऐवजी उंच कुंड्या वापराव्यात, किंवा मूळ मातीसकट निघेल अशा वेळी, दोन-तीन खरी पाने आल्यावर रोप हलवावे. शक्य असेल तेथे कायमच्या जागीच पेरून नंतर विरळणी करणे सर्वांत चांगले. दोन झाडांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवतात. हे अंतर केवळ वाढीसाठी नसते. पानांतून वारा खेळता राहिला की रोगही कमी पडतो. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा या गरजा मोठ्या आहेत. हिवाळ्यात पाणी साचणाऱ्या जमिनीत झाडाचा बुंधा कुजतो. वाऱ्याच्या जागी दांड्याला काठीचा आधार द्यावा लागतो. इंग्लंडमधील खेडेगावांतील घरांच्या भिंतीलगत हॉलीहॉक दिसतो, त्यामागे शोभेइतकेच हेही कारण आहे.

फुले संपताच दांडा जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर छाटला तर झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही आणि ते आणखी एक वर्ष जगण्याची शक्यता वाढते. बी हवे असल्यास अर्थातच एखादा दांडा राखावा लागतो. फुलांवर मधमाश्यांची वर्दळ असल्याने शेजारशेजारच्या रंगांचा संकर सहज होतो, त्यामुळे घरी धरलेल्या बियांतून आईच्याच रंगाचे फूल येईल याची खात्री नसते. बी साठवण्यापूर्वी पाहून घ्यावे. लांब सोंडेचा एक लहान सोंडकिडा कळ्यांत अंडी घालतो आणि त्याची अळी बियांच्या आत वाढते. भोके पडलेले बी टाकून द्यावे.

तांबेरा रोग

हॉलीहॉक आज मुख्यतः बियांपासूनच का वाढवला जातो, याचे उत्तर या रोगाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये दुहेरी फुलांच्या हॉलीहॉकचे मोठे वेड होते. एसेक्स काउंटीतील सॅफ्रन वॉल्डन येथील रोपवाटिकाधारक विल्यम चेटर यांनी तयार केलेले वाण प्रसिद्ध होते आणि निवडक वाणांची वाढ छाट कलमांनी व मुळांवर कलम करून केली जात असे. पुक्सिनिया माल्व्हेसिएरम या बुरशीचे वर्णन १८५२ मध्ये चिलीतील नमुन्यांवरून झाले होते. ती १८६९ मध्ये स्पेनमध्ये आणि १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये आढळली. काही वर्षांतच नामांकित वाण नष्ट झाले, कारण कलमांबरोबर रोगही पुढच्या पिढीत जात होता. बियांपासून दरवर्षी नवी रोपे करणाऱ्यांकडे मात्र झाड टिकून राहिले. 'चेटर्स डबल' हे नाव आजही बियांच्या पाकिटांवर दिसते.

या बुरशीला आपले जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी दुसऱ्या कुलातील आश्रयदाता लागत नाही. पानाच्या वरच्या बाजूस पिवळे-नारिंगी ठिपके व खालच्या बाजूस तपकिरी पुटकुळ्या येतात. आरंभ बहुधा जमिनीलगतच्या पानांवर होतो. बुरशी हिवाळा जुन्या झाडाच्या बुंध्याशी उरलेल्या रोगट पानांवर काढते. त्यामुळे तशी पाने तोडून नष्ट करणे, पाणी पानांवर न घालता मुळाशी घालणे, आसपास उगवलेले याच कुलातील रानटी तण काढणे आणि फार रोगट जुनी झाडे उपटून नव्या रोपांना जागा देणे हे उपाय केले जातात. जुन्या झाडावरील ममता येथे नडते.

भारतातील लागवड

काश्मीर, हिमाचल प्रदेश यांसारख्या थंड डोंगराळ भागांत हॉलीहॉक घरांभोवती चांगला वाढतो. मैदानी प्रदेशात तो हिवाळी वर्षायू म्हणून लावला जातो. महाराष्ट्रात पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गादीवाफ्यावर किंवा खोल कुंडीत बी पेरतात. फुले साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि कडक उन्हाळ्यात झाड वाळते. येथे पहिल्याच हंगामात फुलणारे वाण निवडावे लागतात. वाळलेल्या फळांतील बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवल्यास पुढील हंगामात पेरता येते.