उसातील हिरवी मुनिया आणि तारेवरची कापशी

सकाळी शेतावर जाताना विजेच्या तारेवर बसलेली पांढरी-करडी कापशी आपण नेहमी पाहतो. हिरवी मुनिया मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. सर्वसाधारणपणे शिकारी पक्षी कमी आणि दाणे टिपणारी पाखरे जास्त असतात. येथे नेमके उलट झाले आहे.

ओळख

कापशी सुमारे ३० ते ३५ सें.मी. लांब असते. डोळे लाल व खांद्यावर काळा डाग असतो. हवेत एकाच जागी पंख फडफडवीत ती थांबते आणि खाली झेपावून उंदीर पकडते.

हिरवी मुनिया जेमतेम १० सें.मी. असते. पाठ हिरवी, पोट पिवळे, चोच लाल व कुशीवर काळे-पांढरे पट्टे असतात. ती मुख्यतः गवताचे बी खाते. अबूचा परिसर व मध्य भारतात ती आढळते. दक्षिण महाराष्ट्रातही तिच्या जुन्या नोंदी आहेत.

फरक का पडला?

कापशीला उघडे रान, बसायला तार किंवा बाभूळ आणि भरपूर उंदीर एवढे पुरते. शेतीबरोबर तिचे खाद्यही वाढले. ती जवळजवळ वर्षभर अंडी घालते.

मुनियेला उंच गवत व झुडपे लागतात. बांध कोरले गेले, पडीक रान लागवडीखाली आले आणि तिचा आसरा गेला. शिवाय सुंदर रंग तिच्या मुळावर आला. पिंजऱ्यात ठेवण्यासाठी ती जाळ्यांनी पकडली गेली. आज जागतिक लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे.

आपण काय करावे?

१) बांधावर व ओढ्याकाठी गवत-झुडपांचा पट्टा राखावा. तो पेटवू नये, त्यावर तणनाशक फवारू नये.

२) मुनिया मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत वीण करते व उसाच्या पानांचेही गोल घरटे बांधते. ऊसतोडणीही याच काळात चालते. घरटे दिसल्यास पिले उडेपर्यंत उसाची तेवढी बेटे उभी ठेवावीत.

३) वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुनिया पकडणे व विकणे गुन्हा आहे. जाळी लावणारे आढळल्यास वन विभागास कळवावे.

४) विषाने मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरावेत. ते खाऊन कापशीलाही विषबाधा होऊ शकते.

कापशी उंदीर मारते, म्हणून तिचा उपयोग लगेच पटतो. मुनियेचा उपयोग तसा डोळ्यांना दिसत नाही. पण ती आपल्याकडे मागते ते फक्त बांधावरचे गवत. तेवढे राखणे आपल्या हाती आहे.