उसन्या पेशींचं बळ

कर्करोगावरच्या पेशी-उपचारांत आज कार-टीचा बोलबाला आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, जनुकीय बदलानं त्यांना कर्कपेशी ओळखता येतील असं करून परत द्यायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या अशा उपचाराला भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण हे औषध एकेका रुग्णासाठी वेगळं करावं लागतं, त्यात काही आठवडे जातात आणि झपाट्यानं वाढणारा लिम्फोमा तेवढा वेळ थांबेलच असं नाही. नैसर्गिक मारक पेशींचं मोल मला इथे दिसतं. त्या अधिक जहाल आहेत म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या रक्तातून घेतल्या तरी चालतात म्हणून.

याचं मूळ त्यांच्या शत्रू ओळखण्याच्या रीतीत आहे. निरोगी पेशीच्या अंगावर एमएचसी प्रथिनं असतात आणि ती मारक पेशीला आवरून धरतात. टी-पेशींपासून लपायला अनेक कर्कपेशी ही प्रथिनं टाकून देतात; तिथेच मारक पेशीचा लगाम सुटतो. स्वीडनच्या क्लास कॅरे यांनी हे १९८६ मध्ये दाखवलं. परक्या टी-पेशी रुग्णाच्या निरोगी अवयवांवरही तुटून पडतात, मारक पेशी सहसा नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात केटी रेझवानी यांच्या गटानं याचाच आधार घेतला. नाळेच्या रक्तातल्या मारक पेशींत त्यांनी कर्कपेशींवरचं सीडी१९ प्रथिन ओळखणारा ग्राहक बसवला, त्या तगाव्यात म्हणून इंटरल्युकिन-१५ चं जनुक घातलं, शिवाय वेळ पडल्यास त्यांना संपवता येईल अशी सोयही ठेवली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ११ पैकी ८ रुग्णांना गुण आला, सात जणांचा आजार पूर्ण ओसरला आणि कार-टीनंतर ज्याची धास्ती असते तो सायटोकाइनचा उद्रेक कुणालाच झाला नाही.

अकरा रुग्णांवरून काय ठरवायचं, हा आक्षेप रास्त आहे. त्यातल्या काहींना पुढे इतर उपचारही मिळाले, म्हणजे गुण किती टिकला हे त्यावरून कळत नाही. याच चाचणीतले रुग्ण एकूण ३७ झाल्यावर आलेल्या अहवालात गुण येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. घट्ट गाठींत तर या पेशी शिरतानाच अडखळतात. तरीही २०२४ च्या त्याच अहवालात मला आशेला जागा दिसते, कारण फरक दात्यागणिक पडत होता. संकलनानंतर २४ तासांच्या आत गोठवलेल्या आणि केंद्रकयुक्त लाल पेशी कमी असलेल्या रक्तातून केलेल्या पेशींनी रुग्णांना कितीतरी अधिक काळ सावरलं. म्हणजे उणीव निदान काही अंशी निवडीतली आहे, आणि रक्तपेढीतली पिशवी उपचाराआधी पारखून घेता येते.