मीटर भागिले सेकंद

जर्मनीत विल्हेल्म वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश यांनी 1856 साली एक मोजमाप प्रसिद्ध केलं. लायडन जारमध्ये साठवलेला विद्युतभार त्यांनी दोन रीतींनी मोजला होता. एकदा, तो दुसऱ्या भाराला किती जोराने ढकलतो यावरून. आणि एकदा, तो गॅल्व्हनोमीटरमधून वाहू दिल्यावर सुईला किती हिसका बसतो यावरून. मग एका मापाला दुसऱ्याने भागलं. वस्तू तीच, मोजण्याच्या रीती दोन. तेव्हा उत्तर निव्वळ आकडा यायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण त्या आकड्याला एकक चिकटलेलं असतं : मीटर प्रति सेकंद!

कागद-पेन्सिल घेतली तर हे का, ते लगेच उमगतं. स्थिर भारांमधलं बल म्हणजे भारांचा गुणाकार भागिले अंतराचा वर्ग. त्यावरून भाराची मिती निघते बलाचं वर्गमूळ गुणिले अंतर. आता विजेच्या दोन समांतर तारा घ्या. त्यांच्यातलं बल दोन प्रवाहांच्या गुणाकारावर आणि ‘तारेची लांबी भागिले तारांमधलं अंतर’ यावर ठरतं. लांबीला लांबीने भागलं की मिती उरतच नाही, म्हणून प्रवाह म्हणजे नुसतं बलाचं वर्गमूळ. प्रवाह गुणिले वेळ म्हणजे भार. तेव्हा या रीतीत भार झाला बलाचं वर्गमूळ गुणिले वेळ. आता भागाकार करा. बल छाटलं जातं, अंतर भागिले वेळ उरतं. वेग!

कशाचा वेग, ते मात्र मिती सांगत नाहीत. शुद्ध संख्याही त्यांच्या नजरेतून सुटतात. वेबरच्या सूत्रातला स्थिरांक √2 पट मोठा होता, सेकंदाला सुमारे 4,39,000 किलोमीटर. त्यामुळे प्रकाशाच्या वेगाशी असलेलं साम्य चटकन नजरेत भरण्याजोगं नव्हतं. √2 ने भागलं की येतात सुमारे 3,10,700 किलोमीटर. रोध नगण्य असलेल्या तारेतून विजेची लाट साधारण याच वेगाने जाईल आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळ आहे, हे 1857 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किरखोफच्या ध्यानात आलं. मग मॅक्सवेलने तारेचीही गरज ठेवली नाही. आपल्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातल्या लाटेचा वेग त्याने वेबर-कोलराउश यांच्या आकड्यावरून काढला आणि फिझोने 1849 मध्ये दातेरी चाकाने मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाशेजारी ठेवला. फिझोचा आकडा होता सेकंदाला सुमारे 3,15,000 किलोमीटर. ज्या माध्यमात वीज-चुंबकाचे खेळ चालतात त्याच माध्यमातली लाट म्हणजे प्रकाश, असा निष्कर्ष मॅक्सवेलने 1862 मध्ये मांडला. प्रकाश मोजण्यासाठी नसलेल्या एका प्रयोगातून प्रकाशाचं रूप कळलं, याहून थरारक भागाकार मला तरी ठाऊक नाही.

आजच्या एककांतही ही जादू चालते. निर्वात अवकाशाचे दोन स्थिरांक आहेत : एकाचं एकक फॅरड प्रति मीटर, दुसऱ्याचं हेन्री प्रति मीटर. फॅरड गुणिले हेन्री म्हणजे सेकंदाचा वर्ग. म्हणून त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ उलटं केलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, आणि आकडा येतो प्रकाशाचा. गुणाकाराऐवजी हेन्रीला फॅरडने भागून वर्गमूळ घ्या, तर ओहम मिळतात. उत्तर : सुमारे 377 ओहम. जिथे तारही नाही, त्या रिकाम्या अवकाशाचा हा प्रतिबाध (इम्पिडन्स)!

आता एक तुमच्यासाठी. विद्युतक्षेत्राचं एकक व्होल्ट प्रति मीटर, चुंबकीय क्षेत्राचं अँपिअर प्रति मीटर. दोघांचा गुणाकार करा आणि मिळालेलं एकक उन्हात ठेवलेल्या सौर पॅनेलला लावून पाहा.