मांडव्याच्या फौजीचा ईक्यू फंडा

एप्रिल उजाडला की कॅन्टीनमध्ये एकच विषय. कुणाला किती टक्के इन्क्रिमेंट आणि कुणाचं प्रमोशन हुकलं! त्यातच एचआरवाले आपल्याला हटकून एका ट्रेनिंगला बसवतात, इमोशनल इंटेलिजन्सच्या. डॅनियल गोलमन यांचं या नावाचं पुस्तक १९९५मध्ये आलं आणि हा शब्द जगभर फेमस झाला. नुसतं डोकं तेज असून भागत नाही बॉस, मनही सांभाळता आलं पाहिजे, हा त्यातला फंडा.

स्लाइड्स छान असतात, पण मला विचाराल तर बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या शर्यती बघा. जास्त कळेल.

आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा-सात किलोमीटर लांब. बारावीनंतर तो सैन्यात गेला, ५ महारमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशी पोस्टिंग्ज झाली. धावण्याचं करिअर वगैरे डोक्यातही नव्हतं. २०१५मध्ये तो क्रॉस कंट्रीकडे वळला आणि २०१७मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे. ३००० मीटर, २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. हर्डल्समधला अडथळा धक्का लागला की आडवा होतो. इथला होत नाही, आपणच आडवे होतो.

२०१९ची दोहातली जागतिक स्पर्धा. पात्रता फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत अविनाश दोनदा अडखळला. अशा वेळी आपलं काय होतं? 'माझी काय चूक?' म्हणत आपण निम्मा दिवस धुमसतो. हा पळत राहिला आणि ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करूनच थांबला. तक्रार करायचं काम भारतीय पथकानं केलं, ती मान्य झाली आणि त्याला फायनलमध्ये जागा मिळाली. तीन दिवसांनी तिथे पुन्हा विक्रम, शिवाय टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट! राग गिळून टाकणं वेगळं आणि तो योग्य टेबलावर सोपवून आपल्या कामाला लागणं वेगळं.

टोकियोत, २०२१मध्ये, तर अस्सल ऑफिसातली गोष्ट घडली. राष्ट्रीय विक्रम मोडला, पण शर्यतीत नंबर सातवा. फायनल नाही. म्हणजे टार्गेट ओलांडलं तरी प्रमोशन हुकलंच की! पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद. केनियाच्या अब्राहम किबिवोटला ८ मिनिटे ११.१५. अवघ्या पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण गेलं. हळहळ वाटते ना? पण १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानंच नेली होती. त्या रांगेत आपला बीडचा गडी घुसला, हे जास्त भारी.

लीडरशिप म्हणजे काय, तेही हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३) दिसलं. मागे राहून शेवटी झेप घ्यायची वाट न बघता त्यानं सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि सुवर्ण आणलं.

मला मात्र त्याची पॅरिसची डायमंड लीग जास्त आवडते. जुलै २०२४, वेळ ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. राष्ट्रीय विक्रम त्यानं दहाव्यांदा सुधारला. पदक? छे, नंबर सहावा.