कर्नल बदलला, डिस्क मंदावली, दोष कोणाचा?

मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या शाळेची संगणकखोली डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा जुने संगणक, प्रत्येकात फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आणि सगळ्यांवर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली. दिवाळीच्या सुट्टीत संगणक-शिक्षकांनी कार्यप्रणाली अद्ययावत केली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, दोन टप्प्यांत ४.१५ वरून ५.१५ वर गेला. सुट्टीनंतर मुले आली, तर काही यंत्रे कमालीची मंद. फाइल उघडायला सांगावी आणि फळ्यावरची तारीख बदलून यावे, तरी ती उघडतेच आहे.

मुख्याध्यापक म्हणतात, यंत्रे म्हातारी झाली, नवी घ्या. संगणक-शिक्षक म्हणतात, नवा कर्नल वाईट, जुना परत घाला. पहिल्या उपायाला पैसे लागतात. दुसऱ्यात नव्या सुरक्षा-दुरुस्त्यांवर पाणी सोडावे लागते. आणि एखादी डिस्क खरोखरच मरणपंथाला लागली असेल, तर जुना कर्नल घालून स्वस्थ बसल्यावर तिच्यातले मुलांचे प्रकल्प आणि गुणपत्रके एक दिवस नाहीशी होतील.

कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याच्या वजनाने फांदी तुटली असे होत नाही. आपल्या तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. कर्नल बदलल्यानंतर डिस्क मंदावली, एवढेच आपल्याला माहीत आहे. 'नंतर' आणि 'मुळे' यांतले अंतर कापायला प्रयोग करावा लागतो, आणि तो शाळेत करता येतो. पण त्याआधी डिस्क वाचते कशी, ते पाहू.

जुन्या डिस्कच्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकावे लागते. त्याला सुमारे ९ मिलिसेकंद धरू. एकूण १३. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचे झाले तर सेकंदाला जेमतेम ७५ वेळा वाचता येते. दर वेळी ४ किलोबाइट मिळाले, तर सेकंदाला ३०० किलोबाइट. हीच डिस्क एका रांगेत लिहिलेली माहिती मात्र सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास वाचते. म्हणजे तीच डिस्क, आणि वेगात तीनशे पटींहून अधिक फरक! (हा हिशेब नववीच्या मुलांना करायला द्यावा. वेग, वारंवारता, सरासरी, सगळे त्यात येते.)

आय.बी.एम.ने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्कमध्ये ५० लाख अक्षरे मावत आणि तिच्या तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घेत. आजच्या साध्या डिस्कची क्षमता त्याच्या लाखो पट आहे, पण फेरे फक्त सहापट. त्यामुळे डिस्ककडून काम कोणत्या क्रमाने करून घ्यायचे, याला फार महत्त्व आले. हा क्रम ठरवतो कर्नल.

मीरा रोडच्या सात मजली इमारतीतली लिफ्ट आठवा. सहाव्या, पहिल्या, पाचव्या आणि दुसऱ्या मजल्यावरून या क्रमाने बटणे दाबली गेली. लिफ्ट त्याच क्रमाने धावली तर दिवसभर वर-खालीच करत राहील. त्याऐवजी ती एका दिशेने जाताना वाटेतल्या सगळ्यांना घेते. डिस्कचे शीर्ष असेच चालवतात. लिनक्समध्ये या व्यवस्थेला सुरुवातीपासून लिफ्टचेच इंग्रजी नाव आहे.

आता समजा, पाचव्या मजल्यावरचे एक कुटुंब घर बदलत आहे. त्यांची पन्नास खोकी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, लिफ्ट सगळ्यांनाच हवी. जुन्या कर्नलमधली सी.एफ.क्यू. नावाची पद्धत प्रत्येक कुटुंबाला आळीपाळीने वेळ देई. मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० कर्नलमधून ती काढून टाकण्यात आली, कारण रांगेची सगळी जुनी यंत्रणाच बाद झाली. चलनवलन नसलेल्या, अतिशय वेगवान इलेक्ट्रॉनिक डिस्कना एकच रांग पुरेना, म्हणून अनेक रांगांची यंत्रणा आली. तिच्यातली एम.क्यू.-डेडलाइन पद्धत पुष्कळ ठिकाणी आपोआप निवडली जाते. ती हाकांचा क्रम नीट लावते आणि कोणतीही हाक फार वेळ तिष्ठत राहू नये हे पाहते. वाचनाच्या हाकेसाठी अर्धा सेकंद, लेखनासाठी पाच सेकंद अशी तिची मुदत असते. पण पन्नास हाका एकाच घरातून आल्या आहेत, याकडे ती पाहत नाही. एखादा कार्यक्रम मागे मोठी नक्कल करत असेल, तर समोरच्या विद्यार्थ्याची फाइल रखडू शकते. बदल नव्या डिस्कसाठी झाला आणि जुनी यंत्रे त्यात भरडली गेली, असे आम्हाला वाटते.

म्हणजे संगणक-शिक्षकांचा संशय अगदीच निराधार नव्हे. आता तो तपासू.

मापनातच पहिला चकवा आहे. एक गिगाबाइटची फाइल वाचायला पहिल्यांदा दहा सेकंद लागले, तर लगेच दुसऱ्यांदा एक सेकंदही लागणार नाही, कारण कर्नल ती स्मृतीत राखून ठेवतो. दुसऱ्या वेळी आपण डिस्क मोजतच नाही. म्हणून प्रत्येक मापनाआधी यंत्र पुन्हा सुरू करावे. फाइलही तीच हवी. तिची नक्कल चालणार नाही, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माहिती मावते आणि आतल्या कडेला कमी. नक्कल आत जाऊन पडली तर ती तशीही सावकाश वाचली जाईल. तीन वाचने घ्यावीत आणि मधले धरावे.

मग यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडावा. कार्यप्रणाली बदलताना मागचा कर्नल सहसा लगेच पुसला जात नाही. यंत्र तेच, डिस्क तीच, फाइल तीच, बदलला तो फक्त कर्नल. प्रत्येक कर्नलवर दोन चाचण्या घ्याव्यात: एकदा फाइल एकटीच वाचावी, एकदा मागे मोठी नक्कल चालू ठेवून वाचावी.

एकटी फाइल दोन्हीकडे सारख्याच वेगाने वाचली गेली, पण गर्दीत नवा कर्नल मागे पडला, तर दोष रांगेचा. उपाय सोपा आणि फुकट आहे. इटलीतल्या मोडेना विद्यापीठातल्या पाओलो व्हालेन्ते यांनी विकसित केलेली बी.एफ.क्यू. पद्धत २०१७ पासून, ४.१२ या कर्नलपासून, लिनक्समध्ये आहे आणि ती प्रत्येक कार्यक्रमाचा वाटा सांभाळते. ती निवडून पुन्हा मोजावे. जुनी पद्धत कोणी यंत्र सुरू करतानाच्या आज्ञेत लिहून ठेवली असेल, तर नवा कर्नल त्या आज्ञेकडे दुर्लक्ष करतो, हेही ध्यानात ठेवावे.

कधी मंदपणा जाणूनबुजून पत्करलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. त्यावरच्या बंदोबस्तामुळे कार्यक्रमाला कर्नलकडे मारावी लागणारी प्रत्येक खेप थोडी महाग झाली. एक गिगाबाइट माहिती ५१२ बाइटच्या तुकड्यांत मागितली तर सुमारे २१ लाख खेपा होतात, एक मेगाबाइटच्या तुकड्यांत १०२४. हा बंदोबस्त काढून वेग मिळवू नये.

आणि जुन्या कर्नलवरही यंत्र तितकेच मंद निघाले तर? मग कावळा निर्दोष. सुट्टीत आणखी काय घडले, ते शिपाईकाकांना विचारावे. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत किंवा रंगकामात यंत्रे हलवली असतील, तर डिस्कच्या केबलवर संशय घ्यायला हवा. त्यात खाडीकाठची दमट, खारी हवा. तिने धातूचे जोड गंजतात. माहितीच्या प्रत्येक हप्त्यासोबत पावतीखालच्या बेरजेसारखा एक पडताळा येतो. जोड सैल असला तर पडताळा चुकतो आणि हप्ता पुन्हा मागवावा लागतो. माहिती बरोबर येते, पण वेळ जातो. चुका फार झाल्या तर कर्नल स्वतःच जोडणीचा वेग उतरवतो. डिस्क या चुकांची नोंद ठेवते. स्मार्टमनटूल्स या मोफत साधनाने ती पाहता येते, क्रमांक १९९. हा आकडा कधी कमी होत नाही, तेव्हा तो वाढतो आहे का एवढेच पाहावे. यंत्र बंद करून चांगल्या यंत्राची केबल मंद यंत्राला लावावी आणि मंद यंत्राची चांगल्याला. आजार केबलसोबत गेला, तर खर्च एका केबलचा.

त्याच यादीत ५ आणि १९७ हे क्रमांकही असतात: बाद ठरवून बदललेल्या जागा आणि वाचताना अडलेल्या जागा. अडलेली जागा वाचण्यासाठी डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करते आणि त्यात कित्येक सेकंद जाऊ शकतात. बाहेरून हे नुसत्या मंदपणासारखेच दिसते. हे आकडे वाढत असतील तर त्या यंत्रावर आणखी चाचण्या घेऊ नयेत. आधी गुणपत्रके आणि मुलांचे प्रकल्प दुसऱ्या डिस्कवर नकलून घ्यावेत आणि मगच डिस्क बदलायला काढावी.